अद्भुतातील प्रेम आणि जातीची वेस

अद्भुत कादंबरीला मराठी समीक्षेने आपल्या पंगतीत कधी बसू दिले नाही. प्रस्थापित समीक्षकांनी तिच्यावर रंजनवादाचा शिक्का मारला आणि तिला दाराबाहेर ठेवले. परिवर्तनवादी चळवळीने तिला पलायनवादी ठरवले आणि हातही लावला नाही. या दोन्ही भूमिकांचा परिणाम एकच झाला. जे साहित्य तरुण वाचक सर्वाधिक आवडीने वाचतो, त्याची चिकित्साच झाली नाही. नवी मुंबईतल्या ज्या महाविद्यालयात मी शिकवतो, तेथे दिघा, तुर्भे, घणसोली या भागांतून मुलेमुली येतात. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरात पाठ्यपुस्तकापलीकडे पुस्तक नाही. माझ्याही घरात नव्हते. पण यांच्या हातात मोबाइल आहे आणि त्यावर जादूची राज्ये, अमर योद्धे, ड्रॅगन, शाप, भविष्यवाणी आणि या सर्वांच्या मध्यभागी एक प्रेमकथा, अशा जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या आहेत. अभ्यासक्रमातली कादंबरी परीक्षेपुरती वाचली जाते. ही मात्र रात्र जागून वाचली जाते. ज्या साहित्याचा आपल्या मुलांच्या मनावर एवढा ताबा आहे, त्याला क्षुद्र म्हणून बाजूला सारणे शिक्षकाला आणि कार्यकर्त्याला परवडणारे नाही.

वास्तववादी कादंबरीत नायक-नायिकेचे प्रेम जातीपाशी अडले, तर लेखक सांगू शकतो की समाजच तसा आहे, मी काय करणार! अद्भुत कादंबरीच्या लेखकाला ही सबब उपलब्ध नाही. त्याच्या जगात माणूस उडतो, मेलेला उठतो, म्हातारा तरुण होतो. निसर्गाचे नियम मोडण्याचा परवाना त्याने स्वतःच घेतलेला असतो. म्हणून या लेखकाला एकच प्रश्न विचारला पाहिजे: ज्याला सर्व काही शक्य आहे, तो प्रेमाच्या बाबतीत कोणती गोष्ट अशक्य मानतो? या प्रश्नाच्या उत्तरात त्या लेखकाचा आणि त्याच्या वर्गाचा खरा चेहरा सापडतो.

मराठीपुरते पाहिले तर हे उत्तर फार जुने आहे. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालची. विधवांच्या प्रत्यक्ष दुःखाशी तिचा संबंध होता. पण मराठी कादंबरी त्या वाटेने गेली नाही. १८६१ साली हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली, १८६८ साली नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’ आली, आणि राजे, राजकन्या, अरण्ये, विमाने यांचे युग सुरू झाले. या वळणाचे कारण रिसबुडांनी ‘मंजुघोषे’च्या प्रस्तावनेत स्वतःच देऊन ठेवले आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, आम्हा हिंदूंच्या विवाहाच्या रीतीमुळे आणि इतर काही कारणांमुळे आमच्या आयुष्यात मन वेधून घेतील असे दुर्गुणही नाहीत आणि सद्गुणही नाहीत. रोजचे अनुभव लिहिले तर त्यांत गोडी येणार नाही. म्हणून मनोरंजक पुस्तक लिहायचे तर अद्भुताकडे वळणे भाग आहे.

मराठी साहित्याच्या इतिहासात ही प्रस्तावना पुष्कळदा उल्लेखिली जाते. पण तिचा अर्थ लावण्यासाठी आपल्याला बाबासाहेबांकडे जावे लागते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी दाखवून दिले की जातीचे सार स्वजातिविवाहात आहे, आणि सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या प्रथा स्वजातिविवाह टिकवण्यासाठीच निर्माण झाल्या. आता रिसबुडांचे म्हणणे पुन्हा वाचा. ज्या समाजात मुलीचा जोडीदार तिला समज येण्यापूर्वीच ठरतो, आणि तो कोणत्या वर्तुळातला असावा हे तिच्या जन्मापूर्वीच ठरलेले असते, तेथे प्रेमकथा घडणार कोठे? ती घडवण्यासाठी लेखकाला विमान लागते. मराठीतले अद्भुत कल्पनेच्या श्रीमंतीतून जन्मले नाही. विवाहसंस्थेने केलेल्या कोंडीतून जन्मले. रिसबुडांनी रोगाचे निदान अचूक केले आणि औषध म्हणून विमानाचे तिकीट दिले.

पण ‘आम्हा हिंदूंच्या आयुष्यात’ यातले ‘आम्ही’ कोण? ‘मंजुघोषे’च्या तेरा वर्षे आधी, १८५५ साली, फुले दांपत्याच्या शाळेतली मुक्ता साळवे ही मुलगी मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध लिहिते आणि तो ‘ज्ञानोदया’त छापून येतो. ‘मंजुघोषे’नंतर पाचच वर्षांनी, १८७३ साली, सत्यशोधक समाजाच्या पद्धतीने भटजीवाचून लग्ने लागू लागतात आणि पुण्यात खळबळ उडते. म्हणजे मन वेधून घेणारे आयुष्य हाकेच्या अंतरावर होते. लेखकाची नजर वेशीपर्यंतच जात होती, म्हणून त्याला आपल्या काळात काहीच घडताना दिसले नाही. आणि आकाशात गेल्यावरही त्याने राजपुत्राची गाठ राजकन्येशीच बांधली. कुळाचा पत्ता नसलेला नायक शेवटी कुठल्यातरी राजाचा हरवलेला मुलगा निघतो, ही या परंपरेतली नेहमीची युक्ती. वाचकाला जातीबाहेरच्या प्रेमाचा थरार मिळतो आणि शेवटी जातीचा दाखलाही मिळतो.

ही जुनी गोष्ट झाली असे कोणी म्हणेल. म्हणून शंभर वर्षे पुढे येऊ. आपल्याकडची सर्वांत मान्यता पावलेली अद्भुत कादंबरी म्हणजे पौराणिक कादंबरी. तिला अद्भुत म्हणण्याचे धाडस कोणी करत नाही एवढेच. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ सालची. तिला १९६० चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले आणि पुढे मराठीतले पहिले ज्ञानपीठ खांडेकरांकडे आले. संजीवनी विद्या, शाप, बापाने मुलाकडून मागून घेतलेले तारुण्य, हे सारे अद्भुतच आहे. या कादंबरीवर भोग आणि त्याग, वासना आणि प्रेम या अंगाने पुष्कळ लिहिले गेले. पण तीत कोण कोणावर उघडपणे प्रेम करू शकतो, हे कोणी मोजले नाही.

आपण मोजू. देवयानी ब्राह्मणकन्या, ययाती क्षत्रिय. हा प्रतिलोम संबंध. मूळ कथेत ययाती या कारणाने कचरतो आणि शुक्राचार्य अधर्माचा दोष लागणार नाही असा अभय देतात. म्हणजे प्रतिलोमाचे दार उघडते, पण किल्ली गुरूच्या हाती असते. शर्मिष्ठा असुरराज वृषपर्व्याची मुलगी, तीही राजकन्याच. पण एका वस्त्राच्या भांडणावरून तिला देवयानीची दासी व्हावे लागते. राजा तिच्याकडे जातो तो चोरून. तिचे मातृत्वही लपून राहते. याच कादंबरीत अलका नावाची दासीची मुलगी आहे. राजपुत्राचे मन तिच्याकडे ओढले जाते आणि तिचा बळी जातो. ब्राह्मणकन्येला राणीपद, असुरकन्येला एकांतातले प्रेम, दासीच्या मुलीला मरण, अशी ही उतरंड आहे. खांडेकरांची सहानुभूती शर्मिष्ठेकडे आहे, तिचे प्रेम सर्वांत निर्मळ आहे असे ते दाखवतात, आणि हे त्यांचे मोठेपण नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिच्या प्रेमाला निर्मळ ठरवण्यासाठी त्यांना तिच्याकडून सतत त्याग करवून घ्यावा लागतो. जिला हक्क नाही तिच्या वाट्याला उदात्तता येते. मराठी मध्यमवर्गीय वाचकाला ही वाटणी इतकी स्वाभाविक वाटली की तिच्यात त्याला काही खटकलेच नाही.

पौराणिक अद्भुताची ही परंपरा आज इंग्रजीतून आपल्याकडे परत येते आणि मराठीत भाषांतरित होऊन खपते. अमीश त्रिपाठी यांची ‘द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा’ (२०१०) घ्या. तिबेटातला एक टोळीप्रमुख शिव मेलुहा या आदर्श राज्यात येतो आणि सम्राट दक्षाची मुलगी सती हिच्या प्रेमात पडतो. सती ‘विकर्म’ आहे. मागच्या जन्मीच्या पापाचे फळ भोगणारी म्हणून तिला स्पर्श करायचा नाही. केल्यास शुद्धी करून घ्यायची. आपल्या वाचकाला हे शब्द समजावून सांगावे लागणार नाहीत! लाखो लोकांनी वाचलेल्या या प्रेमकथेच्या गाभ्याशी अस्पृश्यता आहे, ही साधी गोष्ट नव्हे. नायक शुद्धीला नकार देतो, ‘विकर्मा’च्या कल्पनेचा त्याला संताप येतो, हेही मान्य केले पाहिजे.

परंतु अस्पृश्य कोण आहे? सम्राटाची मुलगी. तिच्या अस्पृश्यतेला वाडा नाही, कामधंदा नाही, पिढ्या नाहीत. ती एका व्यक्तीवर कोसळलेली आपत्ती आहे. आणि तिच्यातून सुटका कशी होते? नायक हा लोक ज्याची वाट पाहत होते तो नीलकंठ असल्यामुळे त्याच्या शब्दाला कायद्याचे बळ येते. ‘विकर्म’ लोक लढले आणि त्यांनी कायदा मोडून काढला, असे घडत नाही. महाडचे तळे या राज्यात नाही. प्रेमिकाच्या कृपेने स्पृश्यता मिळते आणि मग लग्न लागते.

याहून महत्त्वाचे म्हणजे, ‘विकर्मा’वर रागावणारी ही कादंबरी वर्णव्यवस्थेवर मात्र लुब्ध आहे. मेलुहात सर्व मुले जन्मतःच आईबापांपासून वेगळी वाढवली जातात, मोठेपणी परीक्षा होते आणि गुणांप्रमाणे वर्ण मिळतो. प्रत्येकाच्या दंडावरच्या ताईतावरून त्याचा वर्ण ओळखू येतो. ही व्यवस्था रामाने घालून दिली असे सांगितले जाते. गुणकर्माधिष्ठित चातुर्वर्ण्याची ही कल्पना आर्यसमाजी मंडळींनी पूर्वीच मांडली होती आणि १९३६ साली ‘जातिव्यवस्थेचे निर्मूलन’ या न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी तिच्या चिंध्या केल्या होत्या. गुणांवरच जायचे तर ब्राह्मण-शूद्र ही नावे कशाला हवीत, असे त्यांनी विचारले. चातुर्वर्ण्य दंडशक्तीवाचून टिकू शकत नाही हे सांगताना त्यांनी दाखला दिला तो रामाने केलेल्या शंबूकाच्या वधाचाच. रामाच्या नावाने चालणाऱ्या या कल्पित राज्यात शंबूकाला जागा नाही. प्रेमकथा एवढी मोहक आहे की तिच्या आडून वर्णव्यवस्था स्वच्छ होऊन बाहेर पडते आणि वाचकाच्या ते लक्षातही येत नाही.

आता पाश्चात्त्य कादंबऱ्यांकडे पाहू, कारण आमच्या विद्यार्थिनी मुख्यतः त्याच वाचतात. सारा जे. मास या अमेरिकन लेखिकेची ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ (२०१५) आणि तिची मालिका या प्रकाराचा आदर्श नमुना मानली जाते. फेअरा ही मुलगी भुकेल्या घरासाठी अरण्यात शिकार करते. ती माणूस आहे. भिंतीपलीकडे ‘फे’ नावाचे अमर, देखणे, बलाढ्य लोक राहतात. त्यांच्यातल्या एका अधिपतीशी तिचे प्रेम जुळते. पहिली गोष्ट अशी की ती जन्माने गरीब नाही; बापाचा व्यापार बुडाला म्हणून गरीब झालेली आहे. जुनी युक्ती इंग्लिश पोशाखात परत आली. दुसरी गोष्ट, पहिल्या भागाच्या शेवटी ती मरते आणि सात अधिपती मिळून तिला पुन्हा जिवंत करतात ते ‘फे’ म्हणून. माणूस राहून तिला ते प्रेम निभावता येत नाही. ‘ट्वायलाइट’ (२००५) मालिकेतही हेच घडले होते. शेवटी बेलाला रक्तपिपासू अमरांच्या कुळात सामील व्हावे लागते. दोन कुळांमधली भिंत पडत नाही. खालच्या बाजूची मुलगी तेवढी भिंतीवरून उचलून घेतली जाते. आपल्या शास्त्रकारांनी याला अनुलोम म्हटले असते.

तिसरी गोष्ट नियतीची. या कादंबऱ्यांत खरा जोडीदार निवडायचा नसतो. तो ओळखायचा असतो. दोघांमध्ये एक अदृश्य बंध आधीच बांधलेला असतो. आमच्या घरांत ‘गाठी वरूनच बांधलेल्या असतात’ असे म्हणून मुलीची समजूत घालतात, तेच तत्त्व येथे स्वातंत्र्याच्या भाषेत विकले जाते.

येथे आक्षेप येईल की कादंबरी म्हणजे जाहीरनामा नव्हे. मुली करमणुकीसाठी वाचतात, तर तेवढाही आनंद त्यांच्याकडून काढून घ्यायचा का? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. आमच्या चळवळीत प्रेमाच्या विषयाकडे संकोचाने पाहण्याची सवय आहे. भूक, अत्याचार, अपमान यांवर आम्ही लिहिले, आणि ते लिहिणे अनिवार्यच होते. पण आमच्या मुलीला कोणीतरी आवडावे, तिने स्वतःच्या इच्छेचा विचार करावा, याला आमच्या साहित्यात थोडीच जागा मिळाली. अण्णा भाऊ साठे यांनी आपल्या कादंबऱ्यांत प्रेम करणाऱ्या तेजस्वी स्त्रिया उभ्या केल्या, तर त्यांच्यावर अतिरंजिततेचा शिक्का मारला गेला. एक विद्यार्थिनी मला म्हणाली, “सर, या पुस्तकात मुलीला कोणी विचारतं तरी, तुला काय हवंय म्हणून.” या वाक्यापुढे पलायनवादाचा आरोप पोकळ ठरतो. तिच्या घरात, तिच्या वस्तीत हा प्रश्न तिला कोणी विचारलेला नाही. जो प्रश्न आम्ही विचारला नाही, तो परक्या भाषेतल्या एका जादूगाराने विचारला म्हणून आम्ही तिच्यावर रागवावे काय?

माझी तक्रार त्या मुलीविषयी नाही. तक्रार ही आहे की या कादंबऱ्या तिची इच्छा जागी करतात आणि तिच्यासमोरची भिंत कशाची आहे ते मात्र लपवतात. आमच्या परिसरात ही भिंत कल्पित नाही. नवी मुंबई हे कागदावर आखलेले शहर. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडे नव्या माणसांसाठी नवे नगर वसवण्याचे ठरले. येथल्या सेक्टरांना जातींची नावे नाहीत, क्रमांक आहेत. कल्पनेतले शहर प्रत्यक्षात आणण्याचा एवढा मोठा प्रयोग महाराष्ट्रात दुसरा क्वचितच झाला असेल. त्याच शहरात, नेरूळमध्ये, जुलै २०१६ मध्ये एका शाळकरी वयाच्या दलित मुलाचा खून झाला. त्याची परजातीतल्या मुलीशी जवळीक होती आणि आरोप मुलीच्या घरच्यांवर होता. त्याआधी, एप्रिल २०१४ मध्ये, अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या खर्डा गावी सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला अशाच संशयावरून मारण्यात आले. साक्षीदार फिरले आणि २०१७ साली आरोपी सुटले. या दोन्ही घटनांत मुलगा खालचा आणि मुलगी वरची होती. मनूने शूद्र पुरुष आणि ब्राह्मण स्त्री यांच्या प्रतिलोम संततीला ‘चांडाळ’ म्हटले. त्या ग्रंथाची होळी १९२७ साली झाली, पण त्याची शिक्षा अजून अमलात येते. देशातल्या आंतरजातीय विवाहांचे प्रमाण २०११-१२ च्या मानव विकास सर्वेक्षणात सुमारे ५ टक्के आढळले. ज्यांना कायद्याने लग्न करायचे आहे त्यांना १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची जाहीर नोटीस द्यावी लागते. तीस दिवस म्हणजे घरच्यांना, भावकीला आणि गुंडांना पुरेसा वेळ. या जगात राहणाऱ्या मुलीला ‘खरे प्रेम सर्व भिंती ओलांडते’ असे सांगून सोडून देणे हे करमणुकीच्या नावाखाली केलेले खोटे मार्गदर्शन आहे.

मग अद्भुताला दुसरे काही करता येते का? येते. ज्यांच्या पूर्वजांच्या शरीरावर दुसऱ्यांची मालकी होती, त्यांनी ते करून दाखवले आहे. दलित पँथरने १९७२ साली ज्यांच्या लढ्यावरून नाव घेतले, त्या काळ्या अमेरिकन समाजातल्या दोन लेखिका येथे पाहण्यासारख्या आहेत. ऑक्टेव्हिया बटलर यांच्या ‘किन्ड्रेड’ (१९७९) मध्ये १९७६ सालची डेना ही काळी स्त्री काळात मागे खेचली जाते आणि मेरीलँडमधल्या गुलामांच्या मळ्यावर जाऊन पडते. तिचा नवरा गोरा आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा विवाहांवरची बंदी १९६७ सालीच उठवलेली असते. मळ्याच्या मालकाचा मुलगा रूफस, तिचाच एक पूर्वज, अ‍ॅलिस या काळ्या स्त्रीवर आपले प्रेम आहे असे मनापासून मानतो आणि म्हणूनच तिच्यावर बलात्कार करतो. बटलर वाचकाला विचारायला लावतात: मालक जेव्हा ‘प्रेम’ म्हणतो तेव्हा त्या शब्दाचा अर्थ काय होतो? ययातीच्या राजवाड्यात हा प्रश्न विचारला गेला असता तर ती कादंबरी वेगळी झाली असती.

एन. के. जेमिसिन यांच्या ‘द फिफ्थ सीझन’ (२०१५) मध्ये पृथ्वीचे कंप आवरू शकणारी माणसे आहेत. समाज त्यांच्या शक्तीवर जगतो आणि त्यांना अमंगळ मानतो. सत्ता त्यांच्यातल्या दोघांना हुकूम देते की एकत्र या आणि मूल जन्माला घाला, कारण तिला अशा शक्तीची पैदास हवी आहे. कोणी कोणाशी जुळायचे हे सत्ता ठरवते, ही जातीची मूळ गोष्ट एका अमेरिकन लेखिकेने अद्भुताच्या भाषेत उघडी केली. पुढे ती माणसे एका बेटावर थोडा काळ स्वतःच्या मर्जीने एकत्र राहतात. ते प्रेम कोणत्याही दैवी बंधाने आलेले नाही. हुकूम पाळायचे थांबवल्यावर आले आहे. बेटावर हल्ला होतो तेव्हा मूल गुलाम होऊ नये म्हणून आईच त्याचा श्वास थांबवते. येथे भिंत सुटत नाही, पण ती दिसते. या मालिकेच्या तीनही भागांना २०१६ ते २०१८ अशी लागोपाठ तीन वर्षे ह्यूगो पुरस्कार मिळाले. म्हणजे असे लिहिले तर वाचक मिळत नाही, ही सबबही गेली.

आमच्याकडे सामग्रीची उणीव नाही. संत रविदासांनी बेगमपुरा हे दुःखरहित नगर कित्येक शतकांपूर्वी कल्पिले. जोतीरावांनी ‘गुलामगिरी’त वामन आणि बळीची कथा उलटी करून वाचायला शिकवले, त्या वाचनात कल्पनाशक्ती आणि इतिहासदृष्टी एकमेकींच्या विरोधात नव्हत्या. मात्र या परंपरेचे पुढचे पाऊल प्रेमकथेच्या प्रदेशात अजून पडायचे आहे. बेगमपुऱ्यात लग्ने कशी लागतात? बळीच्या राज्यात मुलीला कोण विचारते? ज्या गावात आडनाव सांगण्याची पद्धतच नाही, तेथे दोन तरुण एकमेकांना कसे ओळखतात, भांडतात कशावरून, दुरावतात कशावरून? या प्रश्नांची उत्तरे केवळ लेख लिहून देता येत नाहीत; त्यांसाठी कादंबरीच हवी. बाबासाहेबांनी १९३६ साली सांगितले की सहभोजनाने जात जाणार नाही, रक्ताचे मिश्रण हाच तिच्यावरचा खरा उपाय आहे. तो उपाय ज्या समाजाला अजून कल्पनेतही पेलत नाही, त्याच्या कल्पनेवर काम करणे हे साहित्यिकाचे कर्तव्य ठरते.

शिक्षकांना माझी सूचना एवढीच आहे की विद्यार्थिनींच्या हातातली ही पुस्तके काढून घेऊ नका. त्यांच्याबरोबर बसून वाचा. नायिका कोणत्या कुळातली निघाली, कोणाला कोणासाठी बदलावे लागले, भिंत कोणी बांधली होती आणि शेवटी ती उभी राहिली की पडली, हे चार प्रश्न विचारा. कार्यकर्त्यांना विनंती आहे की प्रेमाचा विषय चळवळीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्या, कारण आपल्या मुलांचे जीव त्यात जात आहेत. आणि वस्तीतून येणाऱ्या नव्या लेखक-लेखिकांना सांगणे आहे की विमान तुम्हीही उडवा. मात्र ते उडवताना वेशीवरून नुसते पुढे जाऊ नका. वरून ती वेस कशी दिसते, कोणी बांधली आणि कोठे खचली आहे, याची नोंद करा.